वजनासाठी पळायला लागले आणि पाचव्या दिवशी नडग्या धरल्या, पळणं माझ्यासाठी नाहीच का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी एकदा मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३८, उंची ५ फूट ३ इंच, वजन ८२, बँकेत दिवसभर खुर्चीत, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी. कॉलनीतल्या काँक्रीटच्या रोडवर सलग चार दिवस न थांबता २ किलोमीटर पळालात, पाचव्या दिवशी दोन्ही नडग्या इतक्या दुखल्या की जिना उतरवेना, आणि वर काट्यावर ८०० ग्रॅम वाढलेलं दिसलं. सासूबाई म्हणतात चालणं बास आहे, मैत्रीण म्हणते जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला १० किलोमीटरला नाव दे. आणि तुम्ही विचारताय की पळणं माझ्यासाठी नाहीच का.

आहे. नक्की आहे. मी नाशिकमध्ये गेली १५ वर्षं अगदी नवीन लोकांच्या पळायच्या बॅचेस घेते, त्यात अर्ध्याच्या वर बायका असतात आणि बहुतेक सगळ्या वजनासाठीच येतात, त्यामुळे तुमची गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. पळण्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही, घाई झालीय एवढंच. आणि ती घाई होते कारण डोक्यात काटा असतो. या आठवड्यात किलो गेला पाहिजे असं धरून पळायला लागलं की माणूस रोज पळतो, जोरात पळतो, आणि नडगी किंवा गुडघा दहा दिवसांच्या आत बोलायला लागतो.

आधी नडगी, कारण ती आत्ता दुखतेय. खुर्चीत बसा, पाय मोकळा सोडा आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने वरून खाली दाबत या. दुखणं चार बोटं किंवा त्याहून जास्त लांबीत पसरलेलं असेल, सकाळी किंवा पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग गरम झालं की कमी होत असेल, तर हाडाच्या कडेची ती नेहमीची सूज आहे, नवीन पळणाऱ्यांत सगळ्यात जास्त दिसणारी. पण जर दुखणं एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, किंवा त्या एका पायावर हलकीशी उडी मारली की कळ जात असेल, तर पळणं पूर्ण बंद आणि ऑर्थोपेडिककडे जा, कारण ते हाडाला बारीक चीर गेल्याचं लक्षण असू शकतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं तर परत दाखवा, गप्प बसू नका. मी स्वतः सुरुवातीच्या काळात सहा आठवड्यांत १० किलोमीटर करायच्या नादात असंच केलं होतं, दुखतंय तर पेनकिलर घेऊन पळत राहिले, आणि मग तीन महिने पळणं बंद ठेवावं लागलं. ते तीन महिने मला अजून आठवतात, म्हणून कळकळीने सांगते, गोळी घेऊन पळू नका, कधीच. तुमचं दुखणं दोन्ही पायांना आहे आणि पसरलेलं आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, पण हे हाताने दाबून तुम्हालाच बघायचंय.

आता हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पळताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळं वजन एका पायावर उतरतं, ते वजनाच्या दोन-अडीच पट असतं. म्हणजे तुमच्या बाबतीत प्रत्येक पावलाला दोनशे किलोच्या आसपास. २ किलोमीटरला साधारण अडीच हजार पावलं धरा. दम, छाती, रक्त हे सगळं दोन-तीन आठवड्यांत सुधारतं, त्यामुळे माणसाला वाटतं की मला जमतंय, वाढवू या. पण हाडं आणि घोट्या-गुडघ्याजवळचे ते जाड दोर असतात ना, त्यांना वेळ लागतो. हाडावर नवीन भार आला की शरीर आधी तिथला जुना भाग थोडा खरवडून काढतं आणि मग नवीन भरतं, ही एक फेरी पूर्ण व्हायला तीन-चार महिने जातात, आणि मधल्या काळात ते हाड उलट थोडं नाजूक असतं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेव्हा दम पुरायला लागतो तेव्हाच हाड सगळ्यात कच्चं असतं, आणि नेमके तेव्हाच लोक अंतर दुप्पट करतात.

८०० ग्रॅमचं म्हणाल तर ते सगळं पाणी आहे. नवीन व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते, तिथे पाणी धरलं जातं, शिवाय स्नायू साखरेचा साठा वाढवतात आणि त्या साठ्याच्या १ ग्रॅममागे जवळजवळ ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. पाळीच्या आधीचा आठवडा असेल तर अजून वेगळं. आणि चार दिवसांत चरबी किती गेली असेल तेही सांगते, कारण हा हिशोब कुणी सांगत नाही. पळताना माणूस साधारण दर किलो वजनाला, दर किलोमीटरला १ कॅलरी खर्च करतो. तुम्ही ८२ किलोच्या, म्हणजे एका किलोमीटरला ८२ च्या आसपास, चार दिवसांचे ८ किलोमीटर म्हणजे साडेसहाशे. १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. तर गेली असेल ८०-८५ ग्रॅम. एक किलो फक्त पळून घालवायचा तर ९० च्या वर किलोमीटर लागतात! आठवड्याला १० किलोमीटर धरले तरी दोन महिन्यांच्या वर. आणि एक वडापाव म्हणजे तीनशेच्या आसपास, साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली प्लेट त्याच्याही वर, म्हणजे अर्धा तास घाम गाळून आलेलं सगळं पाच मिनिटांत परत.

हे ऐकून काही जणी म्हणतात मग कशाला पळायचं. तर माझं स्पष्ट मत आहे की वजन उतरतं ताटावरून, आणि उतरलेलं टिकतं पळण्या-चालण्यावरून. नुसतं खाणं कमी करून उतरवलेली माणसं वर्षभरात परत तिथेच आलेली मी खूप पाहिलीत. शिवाय काट्यावर दिसत नाही असं बरंच काही पळण्याने होतं, पोटाच्या आतली चरबी कमी होते, शुगर ताब्यात राहते, झोप लागते. आपल्या लोकांत ही आतली चरबी हा मोठाच प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय, २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, अगदी सारखा २२.३, पण त्या इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं सांगतात. तुमचा बीएमआय ३२ येतो. तेव्हा आजच एक शिवणकामाची टेप घ्या, सकाळी पोट मोकळं झाल्यावर, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीला कंबर मोजून लिहून ठेवा. महिन्यातून एकदा मोजायची. काटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आणि तुलना करायची ती मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी, म्हणजे पाळीचं पाणी गोंधळ घालत नाही.

सुरुवात करायच्या आधी बीपी, शुगर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एवढं तपासून घ्या. हिमोग्लोबिन मुद्दाम सांगतेय, माझ्याकडे किती बायका येतात ज्यांना वाटतं आपला स्टॅमिनाच नाही, आणि रिपोर्ट बघितला की ९. त्यांना पळवून काय होणार, आधी रक्त भरून काढायला पाहिजे. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना ते सांगा, ईसीजी वगैरे काय करायचं ते ठरवतील. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळण्याआधी काय खायचं, डोस बदलायचा का हे विचारूनच सुरू करा आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. पळताना छातीत दाबल्यासारखं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काही झालं तर त्या क्षणी थांबायचं आणि लगेच डॉक्टर, नंतर बघू म्हणायचं नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण दोन डिलिव्हरी झाल्यात म्हणून मीच काढते. पळताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होते का? हे खूप जणींना होतं, आणि त्या कुणाला न सांगता पळणंच सोडून देतात किंवा पाणी पिणं कमी करतात. एकीने मला हे सांगायला आठ महिने लावले, तोपर्यंत ती काळी पँट घालून, पॅड लावून यायची. यात लाजण्यासारखं काहीच नाही, ओटीपोटाच्या खालचे स्नायू बाळंतपणात ताणले गेलेले असतात. लघवी रोखताना जसे आत ओढतो तसे ते ओढून ५ ते ८ सेकंद धरायचं, सोडायचं, असं ८-१० वेळा, दिवसातून तीनदा, आणि हे तीन महिने तरी करायचं तेव्हा फरक पडतो. नाही पडला तर या विषयाच्या फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे जा. मध्ये चालणं चालूच ठेवायचं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. नडगी दाबली तरी दुखत नाही आणि अर्धा तास भरभर चालून काही होत नाही, अशी अवस्था येईपर्यंत पळणं बंद. तुमच्या केसमध्ये दहा-पंधरा दिवस धरा, त्या काळात चाला, सायकल असेल तर सायकल. म्हणजे सासूबाईंचं पहिल्या महिन्यापुरतं अगदी बरोबर आहे, त्यांना तसं सांगा पण.

मग आठवड्यातून तीनच दिवस, सोम-बुध-शुक्र म्हणा किंवा तुम्हाला जमेल तसं, पण मध्ये एक दिवस सुट्टी पाहिजेच. पाच-सात मिनिटं चालून सुरुवात, मग १ मिनिट हळू पळायचं, २ मिनिटं चालायचं, असं ८ वेळा, शेवटी परत पाच मिनिटं चालणं, घरी. पस्तीस-चाळीस मिनिटांत सगळं होतं. हे दोन आठवडे. तुम्हाला वाटेल हे फारच सोपं आहे, अजून जमेल, तर जमू दे, तरी करायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालणं दीड मिनिटावर आणा, पाचव्या-सहाव्यात २ मिनिटं पळणं २ मिनिटं चालणं, मग ३ ला २, मग ५ ला २, असं हळूहळू बाराव्या आठवड्यापर्यंत ८-१० मिनिटांचे दोन-तीन तुकडे जमले तरी मी खूश. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करायचा. मुलांची परीक्षा आली, पाहुणे आले, आठवडा बुडाला, तर एक पायरी मागे जाऊन सुरू करायचं, बुडालेलं भरून काढायला सलग दिवस पळायचं नाही. मोबाईलवर ९ आठवड्यांत ५ किलोमीटर असे प्लॅन मिळतात, ते चांगलेच आहेत, पण ८० च्या वर वजन असेल तर मी तेच १४-१६ आठवड्यांत करायला सांगते.

वेग किती, तर बोलता आलं पाहिजे. शेजारणीला काल काय भाजी केली ते अख्खं वाक्य न तुटता सांगता येतंय एवढ्याच वेगाने. १९६२ मध्ये न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाच्या कोचने पोट सुटलेल्या मध्यमवयीन माणसांचा जॉगिंग क्लब सुरू केला, दोनच वर्षं आधी रोम ऑलिम्पिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी गोल्ड मिळवलेलं, एवढा मोठा कोच, आणि त्यानेही या लोकांना हेच सांगितलं की गप्पा मारता येतील असं पळा. आज साठ वर्षांनंतर घड्याळं आली, हार्ट रेट आले, तरी याच्याहून चांगली कसोटी मला तरी सापडलेली नाही. सुरुवातीला तुमचा पळायचा वेग किलोमीटरला ९-१० मिनिटं असेल, शेजारून एखादे काका भरभर चालत पुढे निघून जातील. जाऊ दे त्यांना. आमच्या बॅचमध्ये ९१ किलोच्या एक बाई होत्या, पहिले दोन महिने ट्रॅकवर सगळ्यात शेवटी त्याच असायच्या, पण एकदाही दुखावल्या नाहीत, त्यांच्याबरोबर सुरू केलेल्या चौघी धडाधड पळून दिवाळीच्या आत बंद झाल्या. दीड वर्षात त्यांनी १७ किलो उतरवलं आणि अजून येतात.

पाऊल छोटं टाका. लांब ढांगा टाकल्या की टाच शरीराच्या खूप पुढे आपटते आणि तो हादरा सरळ नडगीला आणि गुडघ्याला जातो. पाऊल आवाज न करता पडतंय का ते ऐका, धप धप आवाज येत असेल तर अजून छोटं आणि भरभर करा. बाकी हात असे आणि मान तशी यात आत्ता अडकू नका, खांदे सैल सोडा, झालं. काँक्रीटवरून शक्य असेल तर खाली उतरा, मातीचा ट्रॅक किंवा शाळेचं मैदान शोधा, ते नसेल तर निदान डांबरी रोड. माती खडबडीत असेल तर उजेड झाल्यावरच जा, घोटा मुरगळतो.

बुटांवर पैसे घाला, घड्याळावर नको. तीन-चार हजारात पळायचे चांगले बूट मिळतात. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. कॉलेजचे जुने कॅनव्हास, मुलाचे बूट, नवऱ्याचे बूट असलं काही नको. आणि चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा, ही बुटांइतकीच गरजेची आहे, बायका इथेच पैसे वाचवतात आणि मग छाती-पाठ दुखते म्हणून पळणं नको वाटतं. मांड्या घासत असतील तर आधी व्हॅसलीन लावा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आठवड्यातून दोन दिवस घरी पंधरा मिनिटं ताकदीचे व्यायाम. हे लोक करत नाहीत आणि मग माझ्याकडे गुडघे घेऊन येतात. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं १२ वेळा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली १५ वेळा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं १२ वेळा, भिंतीला हात टेकून ढकलणं १० वेळा, याच्या तीन फेऱ्या. तुमच्या नडगीसाठी ते टाचा उचलणं सगळ्यात महत्त्वाचं, पोटरी मजबूत झाली की हाडावरचा भार ती घेते.

खाण्याचं मोठं भाषण देत नाही, ते एका उत्तरात मावत नाही, पण पळायला लागल्यावर दोन गोष्टी होतात त्या सांगते. एक म्हणजे भूक वाढते आणि आपल्याला वाटतं आज पळालेय तर चालेल. दुसरं, सकाळी पळून आल्यावर उरलेला दिवस माणूस जास्त बसतो, लिफ्ट घेतो, आणि सकाळचा खर्च तिथेच फिटतो. म्हणून पळून आल्यावर तासाभरात नीट नाश्ता ठरलेला पाहिजे, दोन अंडी आणि पोळी, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, दह्यासोबत. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि प्रोटीन एका पातळ वरणाच्या वाटीत, तिथे बदल करा. एक पोळी कमी आणि उसळीची वाटी मोठी, जेवणात ताक, आठवड्यातून दोन-तीनदा पनीर किंवा सोयाबीन. भात सोडू नका, निम्मा करा. संध्याकाळी बँकेतून आल्यावरचा चहा-फरसाण-खारी हा जो वेळ असतो ना सहा ते सात, बहुतेकींचं वजन तिथे अडलेलं असतं, तो आठवडाभर खरं खरं लिहून काढा. उपाशी राहून पळणं बिलकुल नको, सकाळी उठून काही न खाता निघालात आणि त्रास होत नसेल तर ठीक, चक्कर येत असेल तर अर्धं केळं. अर्ध्या तासाच्या पळण्याला साधं पाणी पुरतं, ती रंगीत पाण्याची पाकिटं घेऊ नका, त्यात साखर असते.

कुत्र्यांची भीती वाटते असं लिहिलंय तुम्ही. अंगावर आलं तर पळू नका, थांबा, चाला, नजर देऊ नका. आणि एकट्या जाऊ नका, एखादी शेजारीण गाठा, पळाली नाही तरी चालेल, ती चालेल आणि तुमच्या चालण्याच्या मिनिटांत बरोबर येईल. अंधारात कानात काही घालू नका. लोक बघतात म्हणून संकोच वाटतो तो पहिले पंधरा दिवस वाटतोच, मग तीच माणसं नाही दिसलात तर विचारायला लागतात.

मुंबई मॅरेथॉनचं या वर्षी नको. मैत्रीण प्रेमाने म्हणतेय, पण तारीख समोर आली की तुम्ही परत घाई करणार, तुमचा स्वभाव तसा आहे असं त्या चार दिवसांवरूनच दिसतंय. पुढच्या वर्षी जूनपर्यंत सलग अर्धा तास आरामात पळता यायला लागलं तर तेव्हा १० किलोमीटरचं बघू, तोपर्यंत तिच्याबरोबर रविवारी चालायला जा.

आत्ता एवढंच करा, अंगठ्याने दाबून बघा, दुखणं पसरलेलं आहे की एका जागी, आणि रात्री ठणकतं का, ते इथेच लिहा. हिमोग्लोबिनचा आकडा पण. मग पुढच्या सोमवारी चालण्यापासून सुरू करायचं की थांबायचं ते सांगते.